दांडीवर दोन बोटं

आधीच सांगते, मला सल्ला देऊ नका. पोट भरलंय माझं. गेल्या अडीच महिन्यांत आमच्या तलावाच्या काठावर मला ज्यानं सल्ला दिला न्हाई असा एक माणूस शोधून दावा. शेळ्या राखणारा म्हाळूमामा वरडून सांगतो, "सत्यभामे, पाय ताठ ठेव." चहाच्या टपरीवाला सुग्रीव सांगतो, "वैनी, तोंड वाऱ्याकडं करा." आमचे मालक आदिनाथराव तर काठावर उभं राहून दोन्ही हात हवेत असे फिरवतात की परक्याला वाटावं हे समद्यांचे मास्तर हायेत. यातला एक बी माणूस कधी फळीवर उभा ऱ्हायलेला न्हाई. मालकांना तर पोहता बी येत न्हाई.

हे पतंगाचं काम हाय. पतंग म्हणजे संक्रांतीचा कागदाचा न्हाई. आमच्या ओसरीएवढा मोठा, कापडाचा, पंपानं हवा भरून फुगवायचा. त्याच्या दोऱ्या एका दांडीला बांधलेल्या, अन् ती दांडी आपल्या कमरेच्या पट्ट्याला आकड्यानं अडकवलेली. पायात फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग आपल्याला ओढतो, अन् आपण पाण्यावरून पळायचं. याला काइटबोर्डिंग म्हणतात. आमच्या सासूबाई याला 'त्ये बुडायचं काम' म्हणतात.

धारूरच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या काय उगीच न्हाईत. आखाड-सावणात डोंगरावरनं असा वारा उतरतो की दोरीवरचं लुगडं शेजारच्या रानात जाऊन शोधावं लागतं. पुण्याच्या कुण्या लोकांनी हे हेरलं, सुंदरराव आबांच्या तलावाकडच्या पडीक रानात दोन पत्र्याच्या खोल्या टाकल्या अन् केंद्र सुरू केलं. सकाळी पोरांची बॅच, दुपारी तीन ते पाच बायांची. पहिल्या दिवशी अकरा बायांनी नावं घातली. कुणाला सासऱ्यानं अडवलं, कुणाला पाण्यानं. उरलो दोघी. मी, अन् अंगणवाडीत काम करणारी सुकन्या.

आमाला शिकवायला बबिताअक्का. मूळची युसूफ वडगावची, ऊसतोडीच्या घरातली. नवऱ्यासंगं पार तामिळनाडूच्या समुद्राकाठी गेली, तिथं असल्याच एका केंद्रात स्वयंपाकाला लागली. भाकऱ्या थापता थापता पतंग उडवायला शिकली अन् पुढं तिथंच शिकवायला लागली. बारा वर्षं राहिली. आई एकटी पडली म्हून परत आली. बाई पाण्यावर अशी चालते की बघत ऱ्हावं. पन बोलायला म्हणाल तर कंजूष. मालक अर्धा तास सांगत त्याच्या जागी ही एकच शब्द बोलायची. "सोड."

माझं दुखणं एकच व्हतं. मी जायची, पन परत येत न्हवते. वारा मावळतीकडनं येतो, तलावाची भिंत उगवतीला. लाल निशाणापासून निघायचं, समोरच्या काठाला जायचं, अन् वळून पुन्हा निशाणालाच यायचं, असा नियम. मी निघायची ती निशाणावरनं, पन वाऱ्यासंगं वाहत वाहत लागायची भिंतीला. मंग एक तर होडी बोलवायची, न्हाईतर तो ओसरीएवढा पतंग डोक्यावर अन् फळी काखेत घेऊन काठाकाठानं दोन किलोमीटर चालत यायचं. वाटंत सगळ्या बाभळी. रोज पायातले काटे काढायला सुई घेऊन बसायची मी. अन् वाटंत भेटल तो इचारणार, "काय सत्यभामाबाई, आज बी पायीच का?" तळपायाची आग मस्तकात जायची.

"ओढायलीस कावून?" मी पायी परत आले की बबिताअक्का इचारायची. "दांडी सोड."

"सोडली तर पतंग जाईल न्हवं?"

"कुठं जाईल? कमरेला बांधलाय की."

"मंग मी पडंन."

"पड. खाली पाणी हाय, खडक न्हाई."

आता याला शिकवणं म्हणायचं का? मला कळायचं, दांडी छातीकडं ओढली की पतंगात वारा जास्त भरतो, दांडी लांब सोडली की त्याचा जोर जातो. पाठ झालतं मला. रात्री कुणी झोपेतनं उठवून इचारलं असतं तरी सांगितलं असतं. पन पाण्यावर गेलं, वाऱ्याचा झोत आला, पतंगानं हिसका दिला, की माझे दोन्ही हात दांडीला असे चिकटायचे अन् अशी मी ती छातीशी आवळायची की बस. मंग पतंग आणखी उधळायचा, फळी घसरायची, अन् चालली मी भिंतीकडं. वरनं काठावरनं आमचे मालक, "ओढ! अगं ओढ!" मला दोघांचा बी राग यायचा. ह्या बाईचं 'सोड' अन् ह्या माणसाचं 'ओढ', मधी माझं भरीत.

एका बुधवारी तीन डाव होडी पाठवावी लागली. दोनदा माझ्यासाठी, एकदा सुकन्यासाठी. सुंदरराव आबा तवा काठावरच व्हते. आबा म्हणजे पंचायत समितीत दोन टर्म काढलेला माणूस, आवाज न चढवता बोलतो अन् त्यानंच जास्त चीड येते.

"बबिताबाई," आबा म्हणले, "जागा माझी हाय. उद्या एखादी भिंतीवर आपटली तर लोक माझ्या नावानं बोंबलतील. पोरं परत येतात, बाया येत न्हाईत. असं करा, येत्या रविवारी यांच्यातल्या एकीनं तरी एकटीनं जाऊन निशाणाला परत येऊन दावावं. होडी न्हाई, संगं तुमी न्हाई. न्हाई जमलं तर सोमवारपासून दुपारची येळ बी पोरांना देऊ."

"पोरं चार महिन्यांपासून शिकत्यात आबा," मी म्हणलं. "आमाला अडीच झालेत."

"म्हून तर रविवारपर्यंत येळ दिली," आबा म्हणले, जसं काय आमच्यावर उपकारच केले. मी बोलून बसले, "मी दावते येऊन."

मला हे कावून पाहिजे व्हतं, ते बी सांगते. लग्नाला चौदा वर्षं झाली. सकाळी उठल्यापासून मी जे करते ते कुणाचं तरी असतं. म्हशी सासऱ्याच्या, भाकरी समद्यांची, कापूस मालकाचा, आजारपण सासूचं. दुपारचे तीन ते पाच हे दोन तास माझे. त्यात मी पडते, बुडते, शिव्या खाते, तरी माझे. बॅच बंद झाली की काम न्हाई म्हून बबिताअक्का पुन्हा समुद्राकडं निघून जाणार अन् मी तीन वाजता कापसात. मला ते नको व्हतं. एवढी साधी गोष्ट हाय.

गुरुवारी पुन्हा भिंतीला लागले.

त्या दिवशी बबिताअक्का माझ्यासंगं पतंग उचलायला चालत भिंतीपर्यंत आलती. मालक बैलगाडी घेऊन कडबा आणायला तिकडूनच चाललते, तर म्हणले बसा. पतंगातली हवा आमी पुरती काढली न्हवती. गाडीत टाकला अन् वाऱ्यानं त्याचा एक पंखा असा फडफडला की तांबडा बैल बिथरला. एकदम उधळला. दुसरा त्याच्यामागं. मालकांनी "हो हो" म्हणत खाली उडी टाकली. मला काय सुचायचं, मी पुढं झेपावले, कासरा धरला, तळव्यांना दोन येढे दिले, गाडीच्या पुढच्या दांड्याला पाय रोवले अन् सगळं अंग मागं टाकून ओढलं. पन्नास पावलांवर गाडी थांबली. बैल फुसफुसत उभे.

मागनं बबिताअक्काचा आवाज आला. "हालू नको. तशीच उभी ऱ्हा."

"बैल पळत्यात न् हालू नको काय?"

"बैल थांबलेत. तुझे हात बघ. पाय बघ. पाण्यावर तू अशीच असतीस."

मी बघितलं. मुठी छातीशी, पाठ मागं, मान आत. खरंच तशीच व्हते.

ती गाडीतच बसली अन् पहिल्यांदा एवढं बोलली. "बारा वर्षांची असल्यापासून उसाची गाडी हाकलीय मी. बैल उधळला की कासरा ओढायचा, तो थांबतो. पतंगाचं उलटं हाय. ओढलं की आणखी उधळतो. तिथल्या मास्तरानं मला आठ महिने सांगितलं ओढू नको, अन् आठ महिने मी ओढलं. चांगला माणूस व्हता, पन समुद्राकाठचा. त्याला काय माहीत मी कावून ओढते? मला बी माहीत न्हवतं. एक दिवस किनाऱ्यावर बसून स्वतःचेच हात बघितले, तवा उमगलं."

माझं डोकंच फिरलं. "अन् हे तू मला अडीच महिने सांगितलं न्हाईस? काटे काढून काढून तळपायाची चाळण झालीय माझ्या! सोड, सोड, सोड! हे सांगायला काय झालतं?"

"तू गाडी हाकतीस हे मला कुठं माहीत?" ती म्हणली. "मला वाटलं मालक हाकतात."

दोघी बी मालकांकडं बघायला लागलो. ते अजून पन्नास पावलं मागं, चप्पल शोधत व्हते.

शुक्रवारी तिनं मला पाण्यात जाऊच दिलं न्हाई. जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या फाडल्या अन् माझ्या दोन्ही हातांची मधली बोटं, अनामिका अन् करंगळी तळव्याला बांधून टाकली. उरला अंगठा अन् तर्जनी. "दांडी दोन बोटांत धरायची. पदराचं टोक धरतीस तशी. जोर आला की आपोआप सुटंल."

"मी काय लहान लेकरू हाय का?"

"लेकराला एवढं समजावायला लागत न्हाई."

लहान पतंग घेऊन काठावर दोन तास उभी केली मला, कडक उन्हात. झोत यायचा, दांडी बोटांतनं निसटायची, पतंग वरती जाऊन गप हवेत उभा ऱ्हायचा. गप! जो मला अडीच महिने ओढत नेत व्हता तो, सोडला की गप. म्हाळूमामा शेळ्या सोडून बघायला आला. म्हणला, "हाताला भाजलं का गं?" शंभर डाव सुटली दांडी. दीडशेव्या डावाला मला लागोपाठ शिव्या देता देता हसू आलं, ते बी बबिताअक्काला दिसू नये म्हून मान फिरवली.

शनिवारी चिंध्या सोडल्या अन् पाण्यात. आता मात्र तीच बाई, तिचा पतंग घेऊन माझ्या बाजूनं. वीस हातांवर. काही बोलत न्हवती. वाऱ्याकडच्या खांद्यावरनं मागं बघायची, टाचेवर भार द्यायची, अन् दांडी दोन बोटांत. मी तिच्याकडं बघून तसंच करायची. काठावरनं जे मला अडीच महिन्यात चाळीस तोंडांनी समजलं न्हाई, ते बाजूनं चाललेल्या एका पाठीनं समजलं. फळीची कड पाण्यात रुतायला लागली. वारा खाली ढकलत व्हता अन् मी खाली जात न्हवते. तरी परत आले ती निशाणाच्या साठ पावलं खाली, भिंतीकडं.

"साठ पावलं," मी म्हणलं. "उद्या कसं व्हणार गं?"

"झोप नीट," ती म्हणली. बस. एवढंच. असला राग आला मला.

रविवारी अख्खं गाव. सुग्रीवनं टपरी उचलून काठावर आणली. आबा खुर्ची टाकून. सासूबाई बी आलत्या, जणू मी आता बुडणार म्हून शेवटचं तोंड बघायला. मालकांनी नवा शर्ट घातला व्हता. सुकन्यानं पतंग धरला, मी अंगठा दावला, तिनं सोडला. निघताना मी बबिताअक्काकडं बघितलं. तिनं माझा पट्टा ओढून बघितला, आकडा बघितला, पाठीवर एक थाप दिली अन् मागं गेली.

जाताना बरं गेलं. पाणी बारीक लाटांचं, वारा सरळ. पल्याडचा काठ आला, पतंग वर घेतला, खाली बसले, फळी वळवली, निघाले. आता समोर लाल निशाण. मी निशाणाच्या वरच व्हते, वाऱ्याकडं. पहिल्यांदाच. मनात म्हणलं, बया, जमतंय की.

तवाच डोंगराच्या खिंडीतनं झोत आला. पाणी काळं पडत माझ्याकडं धावताना दिसलं. पतंगानं असा हिसका दिला की फळीवरनं उचलले जातेय असं वाटलं. काठावर गलका. एवढ्या लांबून बी मालकांचा आवाज वेगळा कळला. "ओढ! सत्यभामे, ओढ!" मंग समद्यांचा. "ओढ गं! ओढ!" आख्खं गाव बैलवालं. माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं अंग म्हणत व्हतं, ओढ. तीन बोटं दांडीवर आली बी व्हती. मी कशी उघडली ती मलाच माहीत. काटा काढताना जसं दात खाऊन काढतो तसं, एकेक.

दांडी निसटली. पतंग वर गेला अन् गप उभा ऱ्हायला. मी धपकन पाण्यात बसले. नाकातोंडात पाणी. काठावर एकदम शांत. त्यांना वाटलं, संपलं.

झोत वरनं निघून गेला. मी पाण्यातच बसून दोन बोटांनी दांडी धरली, फळी पायाला हायेच, पतंग हळूच एका अंगाला घातला, उठले. पुना निघाले. तवा माझी नजर काठावर गेली, बबिताअक्काला शोधायला. समदे उभे, पुढं आलेले, कुणी गुडघाभर पाण्यात. अन् ती? ती लांब, बांधावर बसलीय. पाण्याकडं पाठ करून! आबांच्या नांगरलेल्या रानाकडं तोंड. मी इथं जिवाच्या करारावर लढतेय अन् ही ढेकळं बघत बसलीय!

असा संताप आला की काय सांगू. त्या संतापात टाच दाबली, खांद्यावरनं मागं बघितलं, दोन बोटं घट्ट न करता ठेवली, अन् जे आले ते थेट निशाणाच्या वर चार पावलं. मालकांनी धावत येऊन पतंग धरला अन् स्वतःच त्याच्यात गुंडाळले गेले. सुकन्या रडत व्हती. सासूबाई म्हणल्या, "आली बाई." सुंदरराव आबा खुर्चीतनं उठले, धोतराला लागलेली माती झटकली. "दुपारची येळ बायांचीच ऱ्हाऊ द्या," म्हणले, अन् सुग्रीवकडं चहा मागितला.

मी कुणाजवळ थांबले न्हाई. फळी टाकली, ओल्या अंगानं तशीच बांधाकडं गेले. मनात सगळं तयार व्हतं. हेच काय तुझं शिकवणं, एवढं बी बघवलं न्हाई का, दगड हायेस का तू.

समोर जाऊन उभी राहिले अन् बोलायचं ऱ्हायलं. ओढणीचा बोळा करून तिनं तोंडात कोंबला व्हता. दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसली व्हती. डोळे मिटलेले.

तिनं डोळे उघडले, मान झटकून बोळा काढला. "आलीस का निशाणाला?"

"मंग कोण बोलायलंय तुझ्यासंगं? भूत? बघत कावून न्हवतीस?"

"बघितलं असतं तर वरडले असते."

"मंग वरडायचं! समदं गाव वरडत व्हतं. तू एकदा 'सोड' म्हणली असतीस तर जीव तरी भांड्यात पडला असता माझा."

तिनं मान हलवली. "'सोड' म्हणले नसते मी," ती म्हणली. "माझ्या हातात दांडी असली की सोडते मी. दुसऱ्याचा पतंग उधळताना बघितला की बारा वर्षं झाली तरी तोंडातनं 'ओढ'च येतं. अन् तू माझं ऐकलं असतंस."

मी तिच्या बाजूला मातीत बसले. ती मांडीखालून हात काढायला गेली तर निघंनात, मलाच एकेक करून ओढून काढावे लागले. बोटं पांढरी फटक, अन् तळव्यात ढेकळांचे वळ. सुकन्यानं पाण्याची बाटली आणून दिली तर तिला ती धरता बी येईना, इतके हात बधिर झालते. मंग मी झाकण काढलं अन् बाटली तिच्या तोंडाला लावली.